सीताबर्डीचा कित्ता : इंग्रज, अरब राज्यकर्ते आणि नागपूर

१.
सीताबर्डीच्या टेकडीखालून रोज हजारो नागपूरकर ये-जा करतात. वर्षातले मोजके दिवस सोडले तर वरचा किल्ला सामान्यांसाठी बंदच असतो, त्यामुळे मान वर करून टेकडीकडे पाहण्याचे कारणही फारसे उरत नाही. या टेकडीचा कुवेत, मस्कत, मक्का आणि बगदाद यांच्याशी काही संबंध असेल, हे तर सहसा कोणाच्या मनातही येत नाही. तो संबंध आहे, आणि तो तहाच्या कलमांतून गेलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी अरब राज्यकर्त्यांशी जो व्यवहार केला, त्याविषयी हा धागा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२.
आरंभ अरबस्तानापासून न करता नागपूरपासून करू. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाडातला मुलूख गेला, नागपुरास इंग्रज रेसिडेंट आला, तरी कंपनीची तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत पत्करली नव्हती. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ होते. चुलतभाऊ आप्पासाहेबांना कारभार हवा होता आणि दरबारात विरोधकही होते. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याला हीच संधी हवी होती. मे १८१६ मध्ये, दरबारातील विरोधी पक्षाला सुगावा लागू न देता, आप्पासाहेबांनी तहावर सही केली.

३.
तहाचे सार चार गोष्टींत सांगता येते. कंपनीची फौज राज्यात राहील. तिचा खर्च भोसल्यांनी द्यावा. रेसिडेंटचा सल्ला मानावा. आणि कंपनीच्या संमतीवाचून कोणत्याही परक्या सत्तेशी वाटाघाट करू नये. पहिली तीन कलमे खिशाला आणि मानाला बोचणारी होती. खरा फास चौथ्या कलमात होता. पुण्याच्या पेशव्याला पत्र लिहायचे तरी इंग्रजांची परवानगी हवी, अशी अवस्था झाली. हे चौथे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे समुद्रापलीकडे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

४.
तो फास आप्पासाहेबांना लवकरच जाणवला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली. टेकडीवर कंपनीचे दीड हजारांहूनही कमी शिपाई होते, समोर भोसल्यांची कितीतरी पटींनी मोठी फौज. त्या फौजेतले सर्वांत कडवे लढवय्ये कोण होते? अरब. भोसल्यांच्या पदरी काही हजार अरब शिपाई होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडी जिंकून घेतली ती त्यांनीच. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने हल्ला केला, मग पायदळाने टेकडी परत घेतली आणि लढाईचे पारडे फिरले.

५.
१६ डिसेंबरला आप्पासाहेब शरण गेले. अरब गेले नाहीत. राजा इंग्रजांच्या छावणीत असताना त्यांनी नागपूर शहर लढवले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर झालेला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला. ३० डिसेंबरला वाटाघाटीनंतर ते शहराबाहेर पडले, तेही बायकामुले आणि खासगी सामान बरोबर घेऊन, मलकापूरपर्यंत इंग्रजांच्या संरक्षणात. इंग्रज आणि अरब यांच्यातला एक करार असा थेट आपल्या महालात झालेला आहे. त्या वेळी तो बरोबरीच्या माणसांनी केला होता, हे विशेष.

६.
भोसल्यांच्या राज्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आप्पासाहेब पदच्युत झाले, कैदेतून निसटले आणि अखेर जोधपूरला वारले. अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने जेंकिन्सने कारभार चालवला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. तह, रेसिडेंट, अल्पवयीन वारस आणि मग खालसा, असा हा क्रम झाला. भारतातील सगळीच संस्थाने शेवटच्या पायरीपर्यंत गेली नाहीत. पण पहिल्या दोन पायऱ्यांवरून बहुतेक सर्वांना चढावे लागले.

७.
आता समुद्राकडे वळू. १८१९ च्या आरंभी मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर याने सावंतवाडी संस्थानावर स्वारी करून रेडीचा किल्ला घेतला. लगेच त्याच वर्षी तो कच्छमध्ये भुजवर गेला. आणि नोव्हेंबरात मुंबईहून आरमार घेऊन तो इराणी आखातात रास अल-खैमावर चालून गेला. तेथील कवासिम अरबांना इंग्रज चाचे म्हणत. त्यांची गलबते जाळून जानेवारी १८२० मध्ये कीरने किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला. सावंतवाडी, भुज आणि रास अल-खैमा ही तिन्ही ठिकाणे एकाच सेनापतीच्या एका वर्षाच्या कामगिरीत बसतात. आखातात इंग्रज जे घेऊन गेले ते मराठी मुलखातले आणि कच्छ-काठेवाडातले ताजे अनुभव होते.

८.
नागपूरचाच मसुदा कोणी गलबतात घालून आखातात नेला, असे येथे म्हणायचे नाही. एकाच शाळेत घटवलेला कित्ता वेगवेगळ्या पाट्यांवर गिरवला गेला, एवढेच म्हणायचे आहे. १८५३ मध्ये, म्हणजे नागपूरचे अखेरचे भोसले राजे वारले त्याच वर्षी, आखातातील शेखांनी समुद्रावर कायमची शस्त्रसंधी पाळण्याचा करार केला. १८९२ मध्ये त्यांनी आणखी एक करार केला : इंग्रजांशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करणार नाही, तिचा वकील ठेवून घेणार नाही, आपली जमीन दुसऱ्या कोणास विकणार वा गहाण टाकणार नाही. आपल्या तहातले चौथे कलम ते हेच.

९.
मग नागपूर खालसा झाले आणि शारजा, दुबई, अबुधाबी का झाली नाहीत? उत्तर साधे आहे. नागपूरच्या राज्यात कापूस पिकवणारी काळी माती होती, शेतसारा होता. आखाताच्या किनाऱ्यावर खजूर, मासळी आणि मोती. तेथे कलेक्टर नेमून सारा गोळा करायचा म्हटले तर कलेक्टरचा पगारही निघाला नसता. इंग्रजांना तेथे हवी होती ती वाट, म्हणजे मुंबईहून बसऱ्याकडे जाणारा समुद्रमार्ग. त्या वाटेवर फ्रेंच, रशियन, जर्मन वा तुर्क येऊ नयेत, एवढ्यासाठी शेखाची सही पुरत होती. जमीन त्याची राहिली, त्याचे तोंड मात्र बांधले गेले.

१०.
हा कारभार लंडनहून चालत नव्हता. आखाताचा रेसिडेंट इराणच्या किनाऱ्यावर बुशहर येथे बसे. १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. एडन तर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. आसपासच्या सुलतानांच्या नेमणुका मुंबईच्या दप्तरात नोंदल्या जात. आखातात चलन रुपयाचे होते. रेसिडेन्सीच्या खर्चाचा मोठा वाटा भारतीय रयतेच्या करातून जाई. तोफांच्या सलाम्याही भारतीय संस्थानांच्या धर्तीवर ठरलेल्या होत्या. मस्कतच्या सुलतानाला २१ तोफा, लहान शेखांना त्यांच्या बेताने.

११.
माणसेही येथलीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अरब राज्यकर्त्यांशी सर्वाधिक व्यवहार ज्याने केला, तो सर पर्सी कॉक्स. तो हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्यातला अधिकारी. या खात्यातल्या त्याच्या सुरुवातीच्या नेमणुका कोठे होत्या? कोल्हापूर आणि सावंतवाडी येथे. संस्थानिकाशी कसे बोलावे, मान किती द्यावा, पैसा केव्हा पुढे करावा आणि धाक केव्हा दाखवावा, याची उमेदवारी त्याने मराठी दरबारांत केली. पुढे मस्कत, बुशहर, बसरा आणि बगदाद येथे ती त्याला पुरली.

१२.
२३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतचा शेख मुबारक अल-सबाह याने बुशहरच्या रेसिडेंटशी गुप्त करार केला. इंग्रजांच्या संमतीवाचून कोणत्याही सत्तेचा प्रतिनिधी स्वीकारायचा नाही आणि जमीन कोणास द्यायची नाही, हे बंधन त्याने स्वतःवर आणि आपल्या वारसांवर घालून घेतले. बदल्यात मिळाले १५,००० रुपये. येथे नागपूरहून एक मोठा फरक दिसतो. भोसल्यांना फौजेसाठी पैसा द्यावा लागला; मुबारकला इंग्रजांनी पैसा दिला. पैशाची दिशा उलटली, कलम मात्र तेच राहिले.

१३.
मुबारक भोळा होता असे मात्र समजू नये. १८९६ मध्ये सत्तेवरच्या दोन सावत्र भावांना मारून तो गादीवर आला होता. एकीकडे तुर्की सुलतान आपला हक्क सांगत होता, दुसरीकडे जर्मनांच्या बगदाद रेल्वेचे अखेरचे टोक कुवेतला येण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. त्याला एका बलाढ्य शेजाऱ्यापासून वाचायचे होते, म्हणून त्याने दूरचा बलाढ्य मित्र निवडला. आप्पासाहेबांचाही हिशेब असाच होता : दरबारातल्या शत्रूंपासून वाचण्यासाठी रेसिडेंट. दुबळा माणूस करार करतो तेव्हा त्याला समोरचे संकट दिसत असते. कलमातला फास नंतर आवळतो.

१४.
नोव्हेंबर १९०३ मध्ये व्हाइसरॉय कर्झन स्वतः आखाताच्या दौऱ्यावर निघाला. भारताचा व्हाइसरॉय आखातात गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. २१ नोव्हेंबरला शारजासमोर नांगरलेल्या आर्गोनॉट या युद्धनौकेवर त्याने दरबार भरवला. किनाऱ्यावरचे शेख नावांतून येऊन नौकेवर चढले. तुमच्या आपापसांतल्या लढाया आम्ही थांबवल्या, तुमचे स्वातंत्र्य आम्ही राखले, आणि म्हणून या पाण्यावर आमचेच वर्चस्व राहील, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत दिल्लीत भारतीय संस्थानिकांसाठी झालेल्या दरबाराची ही लहान, खारट पाण्यातली आवृत्ती.

१५.
अरबस्तानाच्या आतल्या वाळवंटात मात्र एक वेगळाच माणूस उभा राहत होता. अब्दुल अझीझ इब्न सौद याने १९०२ मध्ये रियाध घेतले आणि १९१३ मध्ये तुर्कांना हुसकावून अल-हसाचा किनारा. २६ डिसेंबर १९१५ रोजी दारीन येथे कॉक्सने त्याच्याशी तह केला. नज्द आणि अल-हसावर त्याची सत्ता मान्य; त्याने परक्या सत्तेशी व्यवहार करू नये, मुलूख कोणास देऊ नये, आणि कुवेत, बहरीन, कतार व ओमानचा किनारा यांच्या वाटेस जाऊ नये. १९१७ पासून त्याला दरमहा ५,००० पौंड मिळू लागले. त्याआधी नोव्हेंबर १९१६ मध्ये कुवेतच्या दरबारात त्याला एक किताब देण्यात आला. तो किताब होता 'नाइट कमांडर ऑफ द इंडियन एम्पायर'. सौदी अरबस्तानाचा भावी संस्थापक भारतीय साम्राज्याचा सरदार झाला, आणि तेही भारतात पाऊल न टाकता.

१६.
तोवर महायुद्ध सुरू झाले होते. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओ येथे उतरलेल्या फौजेचा गाभा पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचा होता. महिना संपण्यापूर्वी बसरा पडले. डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडांत तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. टाउनशेंडच्या हाताखाली ती तैग्रिसच्या काठाने थेट बगदादच्या वेशीपर्यंत, टेसिफॉनपर्यंत गेली. तेथे अडली आणि मागे हटून कुट अल-अमारा येथे कोंडली गेली.

१७.
७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. तो उठवण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेचे सुमारे २३,००० सैनिक मारले गेले वा जखमी झाले. आत घोडी आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली. अखेर लढवय्ये आणि बाजारबुणगे मिळून सुमारे १३,००० माणसे शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून अनातोलियाकडे चालवत नेण्यात आले. कित्येक वाटेतच संपले. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा सन्मान मिळाला. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांत मात्र ज्या घरांत माणूस परतले नाही, तेथे बसरा हे नाव अनेक वर्षे दबक्या आवाजात घेतले जात राहिले असेल. शेखांशी झालेल्या तहांची ही मराठी किंमत होय.

१८.
इकडे कुटचा वेढा चालू असताना तिकडे कैरोत दुसराच व्यवहार चालला होता. इजिप्तमधील इंग्रज हायकमिशनर सर हेन्री मॅकमहोन आणि मक्केचा शरीफ हुसेन यांच्यात जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळात दहा पत्रे झाली. मॅकमहोन हे नाव भारतीय वाचकांना परके नाही. १९१४ मध्ये सिमल्यात तिबेट सीमेवर ज्याच्या नावाची रेषा निघाली, तोच हा गृहस्थ. तेव्हा तो हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता. हुसेनने तुर्कांविरुद्ध उठाव करावा, बदल्यात अरबांच्या स्वातंत्र्याला इंग्रजांनी मान्यता द्यावी, असा पत्रांचा रोख होता. स्वतंत्र होणाऱ्या मुलखाच्या सीमा मात्र संदिग्ध राहिल्या.

१९.
ती संदिग्धता एका शब्दाभोवती फिरते, आणि तो शब्द मराठीला परिचित आहे. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या 'विलायतीं'च्या पश्चिमेकडचा भाग वगळला होता. विलायत म्हणजे सुभा, की शहराभोवतीचा लहानसा परिसर? अर्थ जसा घ्यावा तसे पॅलेस्टाइन वचनाच्या आत जाते किंवा बाहेर राहते. याच अरबी शब्दावरून आपण इंग्लंडला विलायत म्हणू लागलो. एका विलायतेने दुसऱ्या विलायतेचा अर्थ मोकळा ठेवला, आणि शंभर वर्षे त्यावर वाद चालला.

२०.
मे १९१६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांनी गुप्तपणे त्याच प्रदेशाची वाटणी केली. तो सायक्स-पिको करार. जून १९१६ मध्ये हुसेनने उठाव केला. २ नोव्हेंबर १९१७ रोजी बाल्फोरने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा जाहीर केला. त्याच महिन्यात रशियात सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी झारच्या दप्तरातला गुप्त करार छापून टाकला. हुसेनला दिलेला शब्द, फ्रान्सशी केलेली वाटणी आणि बाल्फोरचे आश्वासन ही तिन्ही आता शेजारी शेजारी ठेवून वाचता येऊ लागली.

२१.
साम्राज्याचे दोन हातही परस्परांशी भांडत होते. कैरोची भिस्त हुसेनवर होती. त्याला दिली जाणारी मदत एका काळी दरमहा २,००,००० पौंडांपर्यंत चढली. हिंदुस्थान सरकारची पसंती इब्न सौदला होती. शिवाय बसरा भारताला जोडावे, तेथे भारतीय शेतकरी वसवावेत, अशा कल्पना दिल्ली-सिमल्यात घोळत होत्या. मे १९१९ मध्ये तुराबा येथे इब्न सौदच्या माणसांनी हुसेनचा पुत्र अब्दुल्ला याच्या फौजेचा धुव्वा उडवला. मारणारा आणि मार खाणारा, दोघेही इंग्रजांच्या पैशावर उभे होते.

२२.
याला केवळ कपट म्हणून सोडून देणे सोपे आहे. कारण मात्र पद्धतीतच होते. प्रत्येक राज्यकर्त्याशी स्वतंत्र करार, बहुधा गुप्त, आणि प्रत्येकाला दुसऱ्याशी परस्पर बोलण्याची मनाई. दोन वचनधारक एकत्र बसून आपापले कागद ताडून पाहणार नाहीत, याची तजवीज चौथ्या कलमातच केलेली असते. नागपूर, पुणे, ग्वाल्हेर आणि इंदूर यांना वेगवेगळे बांधताना हेच साधले होते. फरक इतकाच की १८१६ मध्ये रात्रीचा करार रात्रीच राहिला. १९१७ मध्ये तो वर्तमानपत्रात आला.

२३.
आता डिसेंबर १९२० मधल्या नागपुरात परत येऊ. युद्ध सुरू होताना सरकारने भारतीय मुसलमानांना ग्वाही दिली होती की अरबस्तानातील पवित्र स्थळांना धक्का लागणार नाही. ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहाने खलिफाच्या साम्राज्याचे तुकडे केले. पंजाबातील अत्याचार आणि खिलाफत या दोन तक्रारींवर असहकार उभा राहिला. २६ डिसेंबरपासून भरलेल्या काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झाले. अध्यक्ष विजयराघवाचारियर, स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज, प्रतिनिधी १४,००० हून अधिक. ठराव मांडला चित्तरंजन दासांनी. विरोध करणारे जिना येथूनच काँग्रेसपासून दुरावले. काँग्रेसनगर हे नाव त्या अधिवेशनाची आठवण म्हणून नागपूरकर आजही सांगतात.

२४.
म्हणजे ज्या गावात १८१७ मध्ये भोसल्यांचे अरब इंग्रजांशी लढले, त्याच गावात एकशे तीन वर्षांनी अरबस्तानाचा प्रश्न भारतीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. दिलेला शब्द मोडणाऱ्या सरकारशी सहकार्य करायचे नाही, हा नागपूरचा निवाडा न्याय्यच होता. शब्दाची किंमत काय असते, हे खालसा झालेल्या राजधानीइतके चांगले कोणाला कळणार?

२५.
त्या निवाड्यात एक आंधळी जागाही होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. खिलाफतीच्या नेत्यांची मागणी होती की जझिरत-उल-अरब खलिफाच्या अधिपत्याखाली राहावे. पण त्याच अरबांपैकी अनेकांना तुर्की खलिफाची सत्ता नको होती. भारतात शरीफ हुसेन फितूर ठरला. आपल्या लोकांत तो काही काळ अरबांचा राजा होता. मक्का, दमास्कस आणि बगदाद यांच्या वतीने बोलताना तेथल्या माणसांना काय हवे, हे फारसे कोणी विचारले नाही. व्हाइसरॉयने विचारले नाही. आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मांडवातही तो प्रश्न बाजूला पडला.

२६.
त्या डिसेंबरात ही माणसे कोठे होती? हुसेनचा पुत्र फैसल काही महिने दमास्कसचा राजा होता. जुलैत फ्रेंचांनी मैसलूनच्या लढाईनंतर त्याला हाकलले होते आणि तो लंडनमध्ये मंत्र्यांच्या दारात उभा होता. हुसेन मक्केत होता, शांतता-तहावर सही करायला तयार नव्हता. इब्न सौदची रक्कम चालू होती. इराकात उन्हाळ्यात पेटलेला उठाव बहुतांशी भारतीय सैनिकांकरवी चिरडला गेला होता. आणि कॉक्स, सावंतवाडीचा जुना अधिकारी, बगदादेत नवे सरकार मांडत होता.

२७.
पुढचे थोडक्यात. मार्च १९२१ मध्ये चर्चिलने कैरोत परिषद घेतली. २३ ऑगस्टला फैसल इराकच्या गादीवर बसला. त्याचा भाऊ अब्दुल्ला जॉर्डन नदीपलीकडचा अमीर झाला. ऑक्टोबर १९२२ मध्ये इराकशी तह झाला, सही कॉक्सची. राजा स्वतंत्र, पण परराष्ट्र व्यवहार आणि तिजोरी यांत इंग्रजांचा सल्ला मानावा असा. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली. हुसेनने स्वतःला खलिफा म्हणवले. इब्न सौदने ऑक्टोबरात मक्का घेतली आणि म्हाताऱ्या हुसेनने देश सोडला. इंग्रज मधे पडले नाहीत. त्याने सही केली नव्हती, त्यामुळे त्याच्यापाशी दाखवायला तहही नव्हता.

२८.
आखाताचा कारभार भारत स्वतंत्र होईपर्यंत दिल्लीच्या धाग्याने बांधलेला राहिला. १९४७ मध्ये तो लंडनने स्वतःकडे घेतला. रुपया मात्र मागे राहिला. १९५९ नंतर आखातासाठी वेगळा रुपया निघाला आणि तो १९६६ पर्यंत तेथील अनेक ठिकाणी चालला. १८९२ च्या कराराने बांधलेले शेख १९७१ मध्ये मोकळे झाले. ज्या किनाऱ्यावरून साराही निघणार नाही म्हणून तो खालसा झाला नाही, त्याच्या पोटात तेल निघाले होते. नागपूरच्या काळ्या मातीचे दैव आणि आखाताच्या वाळूचे दैव यांत एवढेच अंतर.

२९.
तेव्हा पुढे कधी एखाद्या बलाढ्य देशाने लहान देशाशी केलेला करार वाचनात आला, तर रकमेचा आकडा शेवटी पाहावा. पैसा कोण कोणाला देतो याने फारसे बिघडत नाही. भोसल्यांनी दिला, मुबारकने घेतला. आधी एकच कलम शोधावे : या करारानंतर दुबळ्या पक्षाला आपल्या शेजाऱ्याशी परस्पर बोलता येईल का? जुम्मा दरवाज्यावरच्या अरबांनी ३० डिसेंबर १८१७ ला आपल्या अटी स्वतः ठरवल्या आणि ते उजळ माथ्याने मलकापूरच्या वाटेला लागले. त्यांच्या राजाला ते जमले नाही, कारण त्याची सही आधीच झाली होती.